असंल म्हणणारा मेव्हणा

पुष्कळ मागं, डोंगरांना अजून नावंसुद्धा पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही हातातलं काम ठेवून ऐकावी.

एका उंच कड्याच्या माथ्यावर एक वाडी होती. कड्याला आग्या मोहोळं लागायची आणि वाडीतले लोक त्यांचा मध काढायचे. एकानं दोराला लोंबकळत खाली उतरायचं, दुसऱ्यानं वर बसून दोर सांभाळायचा. आणि हा दुसरा कोण? तर उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊ. बाकी कुणी चालायचा नाही. आपल्या बहिणीचं कुंकू पुसलं जावं, असं कुठल्या भावाला वाटेल? म्हणून ही रीत.

त्या वाडीत धावजी नावाचा मध काढणारा होता. त्याचा दोर सांभाळायचा त्याचा मेव्हणा, गोमा. गोमा स्वभावानं गाईसारखा गरीब, पण त्याच्या तोंडून पक्का शब्द म्हणून निघायचा नाही. जेवलास का विचारलं, तर म्हणायचा, "जेवलो असंन. पोट तरी भरल्यागत वाटतंय."

धावजी कमरेला दोर बांधून कड्याच्या टोकाशी उभा राही आणि विचारी, "गोमा, दोर कसा हाय?"

"असंल बरा."

"असंल म्हंजे? हाय का न्हाय?"

"दाजी, वरनं तर बरा दिसतोय. त्याच्या पोटात काय हाय, ते मला कसं दिसावं?"

 चरफडत धावजी मागं फिरे. झाडाला मारलेल्या गाठीपासून कमरेपर्यंत सगळा दोर बोटांनी चाचपी, कुठं पीळ सैल लागला तर तिथं वाखाचे नवे तंतू वळी, आणि मगच उतरे. तरी जीव थाऱ्यावर नसे. घरी आल्यावर घास गोड लागेना, अंथरुणावर पाठ टेकेना. अंगणात नुसत्या येरझाऱ्या.

"तुझा भाऊ एक दिस माझा जीव घेणार," तो बायकोला, ठकीला म्हणाला.

"धडधाकट तर घरी येताय. त्याच्या बोलण्यानं काय दोर तुटतोय व्हय?"

"दोर न्हाय, काळीज तुटतंय!"

शेवटी त्यानं गोमाला गाठलं. "आता बास झालं. उद्या दोर पक्का हाय असं म्हणायचं. असंल, वाटतंय, बहुतेक, यातलं काय बी तोंडातनं आलं, तर दोर दुसऱ्याच्या हातात देईन."

मेव्हण्याच्या हातातून दोर काढून घ्यायचा म्हणजे सोयरीकच तोडायची. मग बहिणीच्या दारात पाय ठेवायची सोय नाही. गोमाचं तोंड एवढंएवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी धावजीनं विचारायचा अवकाश, गोमा म्हणाला, "पक्का, दाजी. एकदम पक्का!"

काय सांगावं! धावजीच्या छातीवरचा धोंडाच उतरला. दोराला बोटही न लावता, गुणगुणत तो खाली निघाला.

पण दोराला मधाचा वास होता, आणि त्या वासानं एका खारीनं तो मध्येच कुरतडला होता. धावजी अर्ध्या कड्यावर पोचला आणि एक पदर कटकन तुटला. धावजी गरकन फिरला, खडकावर खांदा आपटला, मधाचं मडकं दरीत गेलं.

"गोमा! राहिलेला दोर धरंल का रं?"

गोमाच्या ओठावर 'पक्का' आला. बहिणीचं दार डोळ्यांपुढं उभं राहिलं. पण तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "न्हाई सांगता येत, दाजी! बहुतेक न्हाई धरायचा! डाव्या अंगाला कपार असंल, झुडपानं नीट दिसंना. भार टाकू नका, आधी पायानं चाचपा!"

धावजीनं पाय लांबवला, नुसता टेकवला. दगड निसटला आणि गडगडत खाली गेला. त्यानं पुन्हा चाचपलं. या खेपेला दगड हलला नाही. अंग चोरून तो कपारीत शिरला, आणि वरून उरलेला दोर तुटून त्याच्या अंगावर पडला.

गोमा धावत वाडीत गेला, दुसरा दोर आणला, वीतवीत चाचपून खाली सोडला, आणि चार माणसांनी धावजीला वर ओढलं.

गोमा हुंदके देत होता. "दाजी, म्या न बघताच पक्का म्हणालो."

"तू कुठं म्हणालास? म्या म्हणवलं," धावजी म्हणाला. त्याचा खांदा निखळला होता, तो पुन्हा धड झाला नाही. कडा त्याला कायमचा सुटला.

वाडीनं मात्र रीत बदलली. दोर कसा आहे, हे आता कुणी कुणाला विचारत नाही. उतरणारा आणि सांभाळणारा, दोघं समोरासमोर बसून सगळा दोर वीतवीत चाचपून बघतात.

म्हणून सांगतो बाबांनो, कुणी 'असेल' म्हणालं तर चिडू नये, आपण हात लावून बघावं. दटावून वदवलेला 'पक्का' कुणाचाच भार पेलत नाही.