टोक मोडलेलं शिंग

गोष्ट तशी फार जुनी नाही. आपल्याकडे दाराला लिंबू-मिरची बांधतात, तसं इटलीत दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात पोवळ्याचं लाल शिंग घालतात. असुंता नावाच्या शिल्पकार बाईने प्रदर्शनासाठी तसंच माणसाएवढं शिंग घडवलं.

ते तिच्या गळ्यातल्या शिंगाला हिणवायचं, "टोक मोडलंय, तरी मिरवतोस!"

"तिच्यावरचं संकट झेलताना मोडलं, बाबा."

एक दिवस छताचा जड दिवा निसटला. असुंताच्या डोक्यात पडायचा, तो मोठ्या शिंगावर आदळला. टोक उडालं. शिंग रडू लागलं.

"नवं टोक बसवू," लोक म्हणाले.

असुंताने मोडक्या टोकाला कपाळ टेकवलं. "नको. याच्यामुळे मी वाचले."

मोठं शिंग हळूच म्हणालं, "दादा, आज मी शिंग झालो."