ताऱ्यापुढची परात

ऐका रे चिंगळ्यांनो, आणि नाकातलं बोट काढून ऐका!

एका आमराईत, फाटक्या पालात ठकू नावाची चिमुकली पोर आयेबरोबर राहायची. दोघी भांड्यांना कल्हई करायच्या. पण गावात घरोघरी स्टील आलं आणि कल्हईला कुत्रंही विचारीना. भात्याला भोक, पोटात भूक!

एका सोनेरी संध्याकाळी मोहोरातून एक इवलीशी गुलाबी परी धपकन पडली. पडली ती रडतच.

"लागलं का गं?" ठकूने विचारलं.

"नाही गं. आमच्या ताऱ्याला गिळायला मागून काळा राक्षस येतोय! ताऱ्यापुढे आभाळाएवढी परात टांगलीय. ती उजेड मागे परतवते, मागे सुटलेल्या उजेडाच्या रेट्याने, दिवाळीतल्या रॉकेटसारखा, तारा पुढे सरकतो. पण परात काळवंडली. तारा जागचा हलेना!"

"मग घासा की!"

"आत पंख जळतात. आम्ही बाहेरूनच घासतो."

"येडे, कल्हई आतून करतात!"

परीने डोळे पुसले. "एक इच्छा देते तुला. एकच हं! आणि इच्छा नेते, परत आणत नाही."

ठकूच्या डोळ्यांपुढे तूप माखलेली भाकरी आली. मग आय आली, वाट बघणारी.

"तिकडं पोरं हायेत?"

"पाळण्यातलीसुद्धा."

ठकूने डोळे गच्च मिटले. "मला परातीत ने!"

डोळे उघडले तर ठकू परातीत! भट्टी पेटवायची गरजच नव्हती, तारा होता ना! ठकूने कमरेच्या बटव्यातला नवसागर भुरभुरला, कथील फिरवलं. परीने काठाबाहेरूनच ठकूच्या कापसाच्या बोळ्यावर फुंकर घातली, तशी एकेका हातासरशी कोस कोस परात उजळू लागली. तळपाय चटचट भाजत होते. मागून राक्षसाने जबडा उघडला. एक कोपरा काळाच होता!

"आला, आला!" परी किंचाळली.

ठकूने शेवटचा हात मारला. लख्ख! चंदेरी उजेड उसळला, तारा टुणकन पुढे सरकला आणि राक्षसाचे दात एकमेकांवरच आपटले, कटकन!

"आता घरी कशी जाऊ?" ठकूने खाली डोकावत विचारलं.

"इच्छा नाही नेणार," परी हसली, "पण आमचा तारा आता चालता झालाय. तोच सोडेल."

ताऱ्याने आमराईपर्यंत एक केशरी किरण सोडला. ठकू सुर्रकन घसरत थेट आयेच्या कुशीत!

"कुठं उलथली होतीस गं, भवाने?" म्हणत आयेने तिला घट्ट आवळलं. ठकूचा हात काळ्या पातेल्याला लागला, तर पातेलं चांदीसारखं झळाळलं! ते बघून गावच्या बायका माळ्यावरची पितळी भांडी घेऊन धावत सुटल्या.

"हाताचा उजेड धुऊ नकोस हं!" किरणावरून परी म्हणाली आणि लुकलुकत, झगमगत उजेडात विरून गेली.

छे! ठकू हात धुवायची तरी कधी?