गुदमरलेली मोटार

फार जुन्या काळी, पण मोटारी होत्या इतपतच जुन्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. तिथल्या राजाकडे वडिलांच्या वेळची लांब नाकाची, लाल रंगाची शर्यतीची मोटार होती. समोरचा अवघड घाट झपाट्यानं चढणारी तेवढी एकच.

त्या दरबाराची एक खुळी रीत होती. महाराजांचं काहीही कमी करायचं नाही. ताटातलं नाही, गळ्यातल्या हारांतलं नाही. ‘कमी’ हा शब्द काढला की माणूस राजद्रोही!

एकदा मोटार काळा धूर सोडू लागली. मिस्त्रीनं झाकण उघडून पाहिलं.

“महाराज, कार्बोरेटरमधून पेट्रोल फार जातंय, हवा पुरत नाही. स्क्रू थोडा आवळून पेट्रोल कमी करतो.”

“कमी?” दिवाण कडाडले. “महाराजांची गाडी उपाशी मारतोस?”

राजा मिशीतल्या मिशीत हसला. मिस्त्रीनं हात मागे घेतला आणि तोंडाला कुलूप लावलं. मग दिवाणांनी तोच स्क्रू आणखी सैल करवला. सेनापतींना मागे राहवेना, त्यांनी त्याहून सैल करवला. मोटार ठसकू लागली, पेट्रोलचा वास राजवाडाभर पसरला.

“वा! काय हे तेज!” दरबारी म्हणाले. काजळीला तेज म्हणणारी ही माणसं! सांगतानासुद्धा माझं डोकं तापतं.

आणि एका सकाळी छोटी राजकन्या तापानं फणफणली. वैद्य घाटमाथ्यावर राहायचे. राणी लेकीला मांडीवर घेऊन बसली, राजानं चाक धरलं, मिस्त्री बाहेरच्या पायरीवर उभा राहिला.

अर्ध्या घाटात मोटार गचके खाऊन बंद पडली.

“पेट्रोल वाढव!” राजा ओरडला.

मिस्त्रीचा हात खरोखरच स्क्रूकडे गेला. तेव्हा मात्र राणीचा संयम सुटला.

“खबरदार! चुलीत लाकडं कोंबली की जाळ होतो की धूर? मिस्त्री, खरं सांगा, हिला काय हवंय?”

“हवा, राणीसाहेब. पण पेट्रोल कमी केलं तर महाराज...”

“माझं लेकरू होरपळतंय आणि तुम्ही यांची मर्जी सांभाळताय? करा कमी!”

मिस्त्रीनं काजळीनं माखलेले प्लग काढले, पुसले, पुन्हा बसवले. इंजिन धडपडत सुरू झालं, तसा तो थोडा थोडा स्क्रू आवळत कान देऊन ऐकू लागला. हळूहळू ठसका थांबला. धूर विरळ झाला. मोटार एका सुरात गुरगुरली आणि उरलेला घाट एका दमात चढली.

पण या खटपटीत उन्हं कलली होती. वैद्यांनी ताप उतरवला, पोर वाचली. तिचे कान मात्र कायमचे गेले.

“थोडं आधी आणली असती तर...” वैद्य म्हणाले.

राणी राजाकडे वळली. “ऐकायचं तुम्ही टाळलंत आणि कान गेले हिचे!”

राजानं परतल्या परतल्या दिवाण-सेनापतींना घालवून दिलं. मिस्त्रीला त्यानं शिक्षाही केली नाही आणि बक्षीसही दिलं नाही. मग तो लेकीजवळ बसला आणि तिला हाका मारत राहिला. तिनं वळून पाहिलं नाही.

तात्पर्य: ‘कमी’ हा शब्द ज्याला ऐकवत नाही, त्याच्या हट्टाची शिक्षा त्याची माणसं भोगतात.