टिकली पाल आणि अडलेली अंगाई

“आज दुपारी टेप जाणार. भंगारात! आणि मग मुक्ताच्या आईचा आवाज...”

फुस्स्स्! कुकरची शिट्टी झाली. पुढचं काही ऐकूच आलं नाही.

बोलत होती मुक्ताची कुसुमआत्या. आपल्या खिडकीतून. ऐकत होत्या शेजारच्या काकू. त्यांच्या खिडकीतून.

“अगं, आवाजाचं काय? पुढे काय?” काकूंनी मान लांब केली.

पण आत्या कुकरकडे पळाली.

आणखीही कुणीतरी ऐकत होतं बरं. भिंतीवर. फोटोच्या मागे. एक पाल. एवढीश्शी! कपाळावरच्या टिकलीएवढं तिचं तोंड. म्हणून तिचं नाव टिकली.

तो फोटो मुक्ताच्या आईचा. फोटोला हार घातलेला. मुक्ताची आई आता फोटोतच होती. आणि तिचा आवाज होता कॅसेटमध्ये.

टिकलीलाही आई नव्हती. एकदा वारा आला. दार धाडकन लागलं. टिकलीची आई दाराच्या फटीत होती. ती परत आलीच नाही.

रोज दुपारी मुक्ताचे बाबा टेप लावायचे. मुक्ताची आई गायची,

“नीज माझ्या मोत्या गं,
ऊन झालं छोटं गं...”

खाली मुक्ता झोपायची. वर टिकली झोपायची. पहिलं कडवं संपलं की बाबा टेप बंद करायचे. टिकलीला वाटायचं, माझीच आई गातेय.

पण सोमवारी घरात मोठ्ठा टीव्ही आला. आणि अंगाई बंद! मंगळवारी नाही. बुधवारी नाही. गुरुवारी नाही. मुक्ता रडून रडून झोपायची. टिकली तर झोपायचीच नाही.

आणि आज हे ऐकलं.  टेप जाणार? आवाज पण जाणार?

निघाली टिकली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

आली स्पीकरकाकांकडे. स्पीकरकाका कोपऱ्यात उभे. उंच. काळे. गप्प.

“स्पीकरकाका, स्पीकरकाका, गा ना!
आईचा आवाज येईना.
मी झोपू कशी?”

स्पीकरकाका म्हणाले, “भुम्म! माझं मी गात नाही. अँप्लिफायर बोलेल, तर मी गाईन. नाहीतर नाही. जा!”

निघाली टिकली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

आली अँप्लिफायरमामांकडे. अँप्लिफायर म्हणजे जड जड डबा. बारीक आवाज आत जातो, मोठा होऊन बाहेर येतो.

“अँप्लिफायरमामा, अँप्लिफायरमामा, बोला ना!
स्पीकर गाईना,
आईचा आवाज येईना.
मी झोपू कशी?”

अँप्लिफायरमामा म्हणाले, “गुंऽऽ! पोटात काही नाही, तर बोलू काय? टेपची वायर बसेल, तर मी बोलेन. नाहीतर नाही. जा!”

निघाली टिकली. सुळुक सुळुक. गेली डब्याच्या मागे. मागे अंधार. मागे धूळ. मागे जाळी.

तिथे वायरताई लोंबत होती. एक टोक टेपला. दुसरं टोक हवेत.

“वायरताई, वायरताई, बस ना!
अँप्लिफायर बोलेना,
स्पीकर गाईना,
आईचा आवाज येईना.
मी झोपू कशी?”

वायरताई हुंदका देत म्हणाली, “बसू कुठे गं? माझ्या भोकात टीव्हीची पिन बसलीय. बाबांनी मला शेजारच्या भोकात खुपसलं. मी अर्धीच गेले, मग निसटले. आवाज आला नाही. बाबा म्हणाले, टेप मेला. टेप नाही गं मेला! टीव्हीची पिन उठेल, तर मी बसेन. नाहीतर नाही. जा!”

लांबून हाक आली. “भंगाऽऽर! भंगाऽऽर!”

पळाली टिकली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.

आली पिनबाईंकडे. पिनबाई नवी कोरी. चकचकीत. ऐटीत बसलेली.

“पिनबाई, पिनबाई, उठा ना!
वायर बसेना,
अँप्लिफायर बोलेना,
स्पीकर गाईना,
आईचा आवाज येईना.
मी झोपू कशी?”

पिनबाई म्हणाली, “वा गं वा! मी उठू आणि लोंबत राहू? शेजारचं भोक उघडेल, तर मी उठेन. नाहीतर नाही. जा!”

निघाली टिकली. सुळुक सुळुक. एकच पाऊल. शेजारीच भोक. पण भोक बोलेचना. नुसतं ऊं ऊं करी.

“भोकभाऊ, भोकभाऊ, उघडा ना!
पिन उठेना,
वायर बसेना,
अँप्लिफायर बोलेना,
स्पीकर गाईना,
आईचा आवाज येईना.
मी झोपू कशी?”

भोकभाऊ म्हणाला, “ऊं ऊं! बाझ्या तोंडात अक्षत अडकलीय. अक्षत निघेल, तर उघडेन. डाहीतर डाही. जा!”

“भंगाऽऽर! भंगाऽऽर!” हाक गल्लीत आली.

टिकलीनं भोकात डोकावलं. आत अक्षत. तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल लाल. खंडेनवमीला आत्यानं अँप्लिफायरची पूजा केली होती ना! तेव्हापासून ती तिथेच.

“अक्षते, अक्षते, निघ ना!
भोक उघडेना,
पिन उठेना,
वायर बसेना,
अँप्लिफायर बोलेना,
स्पीकर गाईना,
आईचा आवाज येईना.
मी झोपू कशी?”

अक्षत म्हणाली, “मी वाहिलेली आहे, बाई. वाहिलेलं आपणहून उठत नाही. मुंगी ओढेल, तर निघेन. नाहीतर नाही. जा!”

पळाली टिकली. सुळुक सुळुक. सुळुक सुळुक. भिंतीच्या कडेला मुंग्यांची रांग. पुढे मुंगीमावशी.

“मुंगीमावशी, मुंगीमावशी, ओढ ना!
अक्षत निघेना,
भोक उघडेना,
पिन उठेना,
वायर बसेना,
अँप्लिफायर बोलेना,
स्पीकर गाईना,
आईचा आवाज येईना.
मी झोपू कशी?”

मुंगीमावशी चार पावलं मागे सरली.

“तू पाल. मी मुंगी. जवळ आले की मटकावशील!”

“नाही खाणार. आईची शपथ.”

“कुठली आई? ती दारातली?”

टिकलीनं दाराकडे पाहिलं.

मुंगीमावशीची मान खाली गेली. “बरं बरं, चुकलंच माझं. पण घरी चाळीस तोंडं आहेत गं. एक दाणा कुणाला पुरणार? त्यांना काही खायला देशील, तर ओढेन. नाहीतर नाही.”

टिकलीनं पुढे पाहिलं. काही नाही. बाजूला पाहिलं. काही नाही. मागे पाहिलं. मागे होतं शेपूट.

“भंगाऽऽर! भंगाऽऽर!” हाक खिडकीखाली आली.

शेपूट परत येतं. आई परत येत नाही.

टिकलीनं अंग आवळलं. तट्! शेपूट तुटलं. जमिनीवर वळवळ वळवळ. वळवळ वळवळ. दुखलं. खूप दुखलं. पण टिकली रडली नाही. रडायला वेळच नव्हता.

“घे, मावशी,” ती म्हणाली.

मुंगीमावशीनं शेपूट पाहिलं. मग टिकलीला पाहिलं. “अगं पोरी!” एवढंच ती बोलली. आणि वळून ओरडली, “चला गं सगळ्याजणी!”

वीस मुंग्या शेपटाकडे. वीस मुंग्या भोकाकडे. ओढ ओढ! ओढ ओढ! ओढ ओढ!

टिक्! अक्षत बाहेर.

तेवढ्यात बाबा आले. टेप काढायला. मागे वाकले. आणि थबकले.

“ताई! ए ताई! इकडे ये. मुंग्या अक्षत ओढतायत. भोकातून! तू भोकातही अक्षता वाहिल्यास?”

आत्या ओले हात पुसत आली. “मग? पूजा काय फक्त पुढून करायची? पुढून वाहिल्या, तशा मागूनही वाहिल्या. पद्धत आहे आपली.”

“अगं, म्हणून टेपची वायर आत जाईना! आणि मी म्हणत बसलो, टेप मेला.”

“मी नव्हते म्हणत. तूच म्हणत होतास. चार दिवस तोंड पाडून.”

खालून हाक आली, “ओ दादा, देताय ना टेप?”

“थांब जरा!” बाबा ओरडले.

मग काय झालं?

अक्षत निघाली, भोक उघडलं.
भोक उघडलं, टीव्हीची पिन उठली.
टीव्हीची पिन उठली, शेजारी जाऊन बसली. खट्!
टेपची वायर आपल्या घरी बसली. खट्!

  आता टीव्हीची जागा वेगळी, टेपची जागा वेगळी. बटण फिरवायचं, हवं ते ऐकायचं. बाबांनी बटण फिरवलं. टेपवर आणलं. कॅसेट घातली. 

कट्ट!

वायर बसली, अँप्लिफायर बोलला. गुंऽऽ!
अँप्लिफायर बोलला, स्पीकर गायला. भुम्म!
स्पीकर गायला, आईचा आवाज आला.

“नीज माझ्या मोत्या गं,
ऊन झालं छोटं गं...”

मुक्ता धावत आली. स्पीकरला गाल लावून बसली.

आत्यानं पदर तोंडाला लावला. बाबा फोटोकडे बघत राहिले. पहिलं कडवं संपलं. आता दुसरं येणार.

शूऽऽऽऽ.

नुसती खरखर. शूऽऽऽऽ.

बाबांनी बटण दाबलं. कॅसेट काढली. उजेडात धरली. फितीवर पांढरी पांढरी बुरशी.

“बाबा, आई पुढचं का नाही म्हणत?” मुक्तानं विचारलं.

“पुढचं बुरशीनं खाल्लं, बाळा.”

“मग परत म्हणायला सांगा.”

 बाबांनी कॅसेट घालून मागे नेली. परत पहिल्यापासून लावली.

“नीज माझ्या मोत्या गं...”

“चुक चुक,” भिंतीवरून आवाज आला.

“पाल चुकचुकली गं बाई! कृष्ण कृष्ण!” आत्या वर बघत म्हणाली. “अय्या, बिनशेपटीची! झाडू आणू का?”

“राहू दे, ताई,” बाबा म्हणाले. “तिलाही ऐकू दे.”

टिकली फोटोमागे गेली. सुळुक सुळुक. हळू हळू सुळुक. भिंतीला पोट टेकलं. पालीला पापण्या नसतात. डोळे मिटता येत नाहीत. तरी ती झोपली. खरखर सुरू व्हायच्या आत झोपली.

भंगारवाला रिकामी गाडी घेऊन गेला.

इकडे शेजारच्या काकूंनी काय केलं होतं, माहीत आहे? बातमी पार तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचवली होती. टेप गेला! आवाज गेला! सगळं गेलं! आणि आता त्या परत खिडकीत हजर.

“काय गं कुसुम, गेला का टेप?”

“नाही हो काकू. टेप राहिला.”

“आणि तिचा आवाज?”

आत्यानं आवाज खाली आणला.

“अर्धा राहिला. अर्धा गेला.”

काकूंनी पुढचं काही विचारलं नाही. खिडकी ओढून घेतली. हळूच. मुक्ता झोपली होती ना!

अंगाई अर्धी, गोष्ट पुरी.