पेंडीतलं तेल

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, तेव्हा वर्षं मोजायची कुणाला सवयच नव्हती.

एका गावात भिकोबा तेली राहायचा. लोक करडई आणायचे, भिकोबाचा बैल घाणा फिरवायचा. तेल आणि पेंड दोन्ही घेऊन लोक घरी जायचे. तेल फोडणीला, पेंड जनावरांना. भिकोबाला मजुरी म्हणून जोंधळे मिळायचे.

एके दिवशी गावात परका व्यापारी आला. भारी गोड बोलायचा. मला विचाराल तर, अनोळखी माणूस गोड बोलू लागला की आधी आपली पगडी चाचपावी! गावाने काही चाचपली नाही.

"करडई मला द्या," व्यापारी म्हणाला. "भिकोबापेक्षा दीडपट तेल देतो, मजुरीही नको. तुमचा तेली तेल कुठे दडवतो, बघायचंय?"

त्याने भिकोबाच्या घाण्यावरची पेंड मुठीत दाबली. तळहात तेलाने चकाकला.

झालं! संशयाचं भूत गावाच्या मानगुटीवर बसलं. सगळ्यांत मोठा आवाज सुंदराक्काचा. बाई एकटी, चंद्री म्हशीच्या दुधावर तिची चूल पेटायची. ती तरातरा घाण्यावर गेली.

"मेल्या, आमचं तेल चोरतोस?"

"आक्का, अगं ती पेंड..."

"चोराच्या उलट्या बोंबा! एक अक्षर बोलू नकोस."

त्या दिवसापासून भिकोबाच्या घाण्याकडे कुणी फिरकेना. घरातलं धान्य संपलं, तेव्हा त्याने डोळे पुसत बैल विकला.

इकडे सगळे दीडपट तेलावर खूश. पेंड कुठे गेली, हे मात्र एकालाही विचारावंसं वाटलं नाही. ती राहिली व्यापाऱ्याकडे! दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

नुसत्या कडब्यावर जनावरं वाळली. चंद्रीचं दूध आधी पातळ झालं, मग आटलंच. घाणा बंद पडलेला पाहून व्यापाऱ्यानेही माप आखडलं. भिकोबा द्यायचा त्याच्या निम्मं तेल देऊ लागला.

"परवडत नसेल तर राहू द्या," तो हसत म्हणायचा. जायचं तरी कुणाकडे?

शेवटी सुंदराक्का मान खाली घालून भिकोबाच्या दारात उभी राहिली. "माझी चंद्री जाते रे! खरं सांग, पेंडीत तेल का ठेवायचास?"

"आक्का, पेंड पार कोरडी पिळली तर म्हशीने काय भुसा खायचा? जनावरांसाठी मी घाणा जरा आधी थांबवायचो. ते तेल तुमच्याच दुधात उतरायचं."

सुंदराक्काला रडू फुटलं. "चुकले रे बाबा. घाणा सुरू कर."

"करतो की. पण बैल कुठाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव बघतच राहिलं. सुंदराक्काने पदर खोचून घाण्याचं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं! मग पाटील आला, सुतार आला. भिकोबाला चोर म्हणणाऱ्या एकेकाचे खांदे सोलवटले. संध्याकाळी पहिली पेंड चंद्रीपुढे पडली.

व्यापारी पुन्हा आला, तेव्हा त्याला मूठभर करडईही मिळाली नाही. पण नवा बैल येईपर्यंत घाणा गावालाच ओढावा लागला.

तात्पर्य: परक्याच्या मापाला भुलून जो आपल्या गावचा घाणा बंद पाडतो, त्याचं जू शेवटी त्याच्याच खांद्यावर येतं.