झिलूचा जामीन

ही गोष्ट मला सांगायची नव्हती. पण वाचनालयाची मंडळी ऐकतात कुठे! "आजोबा, लिहूनच द्या." अरे, चौथीत शाळा सुटली माझी. काना-मात्रा तुमचा तुम्ही बघा. आणि मध्येच हसू नका, मला राग येतो.

तर आमच्या खारकोंडात एक भोळा झिलू होता. हातगाडीवर गावचा कचरा ओढायचा. कुणी सांगितलेलं कधी मोडायचा नाही. दोष म्हणाल तर एवढाच.

आदल्या साली एका कचरेवाल्यानं सगळी घाण खाडीत लोटली होती, आणि एका कंत्राटदारानं अर्धी जेटी बांधून पोबारा केला होता. म्हणून पंचायतीनं नियम काढला. कचरा वाहायचा असो की बंदरावर काम करायचं असो, आधी जामीनदार आणा. कामवाला पळाला की जामीनदाराला धरायचं.

झिलूला मुदत शुक्रवारची. नाहीतर काम तालुक्याच्या ट्रकवाल्याला. बायको आनशी म्हणाली, "काम गेलं तर मी चालले माहेरी. मग बस ती गाडी उशाला घेऊन."

झिलू घाबरला. पंचायतीत धावला. तिथे कारकून पेडणेकर.

"भाऊसाहेब, जामीनदार कसला आणू?"

"गाव सोडून न जाणारा आण."

दुसऱ्या दिवशी झिलूनं आपल्या म्हाताऱ्या काकाला गादीसकट हातगाडीवर घालून आणलं.

"हा बारा वर्षं खाटेवरून उठलेला नाही. गाव कसला सोडतोय!"

काका म्हणाला, "मला तेवढं सावलीत लावा रे."

पेडणेकरानं कपाळ बडवलं. "अरे, वेळ आली तर ज्याच्या दाराला टाळं ठोकता येईल असा आण!"

"असं आधी सांगायचं की!"

झिलू गावभर दारं बघत हिंडला. मग शाणू सुताराला घेऊन आला.

"भाऊसाहेब, एक सोडून बारा दारं आहेत याच्याकडे. भिंतीला टेकवून ठेवलीत. हवं त्याला ठोका टाळं."

"गाढवा, ती गिऱ्हाइकांची दारं! माणसाच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नये. म्हणायचं, कागद दाखव."

"बरं."

मग झिलू गेला द्वारकाकाकीकडे. तीन होड्यांची मालकीण, मोठ्या मनाची बाई. ती म्हणाली, "झिलू, तुझी आई मला बहिणीसारखी होती. मी राहते तुला जामीन."

झिलूनं हात पुढे केला. "बहिणीसारखी? कागद दाखव."

काकीनं मासळीची टोपली त्याच्या डोक्यात घातली. "मेल्या, मदत करणाऱ्याची झडती घेतात होय? तो म्हणेल तिथे सही करावी आणि पाया पडावं!"

"बरं," झिलू म्हणाला. कानात एक कोळंबी लोंबत होती.

शुक्रवार उजाडला. पंचायतीच्या पायरीवर नवा जेटी-कंत्राटदार रेडकर बसला होता. बोटांत अंगठ्या, पण त्यालाही जामीन कुणी राहीना. तो म्हणाला, "झिलूशेठ, तू माझा जामीन हो, मी तुझा होतो."

झिलूनं सही केली आणि पाया पडला. पेडणेकरानं बघितलं. दोन अर्ज, दोन जामीनदार, कागद पुरे. ठोकला शिक्का. झिलूला काम मिळालं, आनशीनं माहेरची पिशवी खुंटीला लावली.

महिन्याभरानं रेडकर आगाऊ पैसे घेऊन पळाला. जेटीचे नुसते चार खांब उभे.

पेडणेकर बोंबलत आला. "झिल्या, तू त्याचा जामीन! आणून उभा कर त्याला, नाहीतर तुझ्या दाराला टाळं आणि गाडी जप्त!"

झिलू बंदरावर धावला. आणि नशीब बघा, ओहोटी लागलेली. रेडकरची होडी गाळात रुतून बसली होती, आत रेडकर, मांडीवर पैशाची पिशवी. झिलू कमरेएवढ्या चिखलातून गेला आणि त्याचं बखोट धरलं.

"चला. भाऊसाहेबांनी बोलावलंय."

"अरे, येणारच आहे! पलीकडे जाऊन जरा कपडे बदलून येतो."

आता झिलू काही पहिल्यासारखा राहिला नव्हता. चार ठिकाणी शिव्या खाऊन शहाणा झाला होता. म्हणाला, "तोंडी चालायचं नाही. कागद द्या."

रेडकरनं सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलं. 'परत येतो.' खाली झोकात सही. मग झिलूनंच होडीला खांदा लावला आणि खोल पाण्यापर्यंत ढकलून दिली.

चिखलानं माखलेला झिलू ऐटीत पंचायतीत शिरला.

"सापडला?" पेडणेकर उठून उभा राहिला.

"सापडला ना! असा नाही सोडला. लेखी घेतलंय. आणि तुमचा खोळंबा नको म्हणून खाली जामीनदाराची सहीपण मीच करून टाकली."

पेडणेकरानं कागद उलटसुलट करून बघितला आणि फायलीला लावला.

संध्याकाळी तो टाळं घेऊन आला. झिलूच्या दाराला कडीच नव्हती. पण टाळं ठोकल्याची नोंद तर व्हायला हवी. म्हणून शेजारच्या दाराला ठोकून गेला. आत मी जेवत होतो. तीन दिवस खिडकीतून ये-जा केली मी, या वयात. माफी मागायला अजून आलेला नाही, तो पेडणेकर.