हिवरवाडीची पाठमोरी बैठक

हिवरवाडीत शिमग्याला हरल्याचं गाणं होतं. ऐकणाऱ्यांनी गाणाऱ्याकडे पाठ करून, खिंडीकडे तोंड करून बसायचं. पाव्हण्यांनीसुद्धा. का, ते ऐका आणि मग बसा.

वरचा हिवरगड आपलाच होता. गेला तो भर दुपारी. गनीम चढून आला आणि माणसं मागच्या वाटेनं पळून वाडीत उतरली. त्या दिवसापासून वाडीत कोणी कोणाच्या घरचं पाणी पीत नसे, असे सांगतात. ज्याला त्याला दुसरा फितूर वाटे.

गडाच्या हवालदारानं पाणक्या सिदूला धरलं. त्याची पखाल कोरडी सापडली होती. पाणी भरत नव्हता, तर करत काय होता? भैरू गोंधळ्याला हुकूम झाला, फितुरीचं गाणं रच, शिमग्याला गा, शेवटी सिदूचं नाव घे. नाव आलं की कडेलोट.

सिदू भैरूचा जावई. पण खरं सांगायचं तर भैरूलाही त्याचा संशय होताच. म्हणून तो घरोघर विचारत फिरला, त्या दुपारी तू कुठं बघत होतास? उत्तरं ऐकून म्हणे त्याला भाकरी गोड लागेना.

शिमग्याला सिदूला दोर बांधून कड्यावर उभा केला. भैरूनं संबळ धरला.

"दारवाला बघी कोठाराकडं, कोठारवाला तोफेकडं,
गोलंदाज पाणक्यामागं, पाणक्या बघी दाराकडं,
बोरं खात गनीम चढला, हवालदार साऱ्यांकडं,
एक बोकड दरीत बघी, त्यानं सांगावं कुणाकडं?"

कोणीतरी फस्सकन हसलं. हवालदार उठला.

"भैरू, माझं नाव तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच, धनी. परवा म्हणालात, माझी साऱ्यांवर नजर होती."

मग हसू आवरेना. हवालदाराचा हात तलवारीवर गेला. कोण हसलं ते तो बघू लागला, आणि बाकीचेही एकमेकांची तोंडं न्याहाळू लागले. आता जावयाबरोबर सासराही जाणार, हे भैरूला कळून चुकलं.

तेवढ्यात कड्यावरून सिदू म्हणाला, "मामा, खिंडीत धूळ दिसतीय. खाली कोणी बघतंय का?"

कोणीच बघत नव्हतं. सगळी वाडी गर्रकन वळली. खिंडीत काटे-धोंडे लोटायला हात कमी पडले, तेव्हा हवालदारानं स्वतः सिदूचा दोर कापला. पुन्हा बांधायचं नाव कोणी काढलं नाही.

ती धूळ गनिमाची, की गुरांची, यावर वाडीत अजून भांडणं होतात. काही म्हणतात, धूळ नव्हतीच. पाणक्याची जात, जीव वाचवायला बोलला.

आजही गाणं संपलं की भैरूच्या घरचा गाणारा विचारतो, "खिंडीत काय?" पाणक्याच्या घरचा माणूस कड्यावरून सांगतो, "धूळ आहे." असो वा नसो, दरसाल तेच सांगतो. आणि दरसाल सगळी वाडी उठून बघते.